परक्या उजेडात

लंडनच्या टेट संग्रहात पेशव्यांच्या दरबाराचं एक भलंमोठं तैलचित्र आहे. सवाई माधवराव, नाना फडणवीस, भोवती मानकरी आणि कंपनीचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट. १७९० मध्ये टिपूविरुद्ध झालेल्या तहाचा हा प्रसंग. चित्र काढलं टॉमस डॅनिएल या इंग्रज चित्रकारानं, तेही १८०५ मध्ये, इंग्लंडात बसून. तह झाला त्या वर्षी डॅनिएल हिंदुस्थानात होता खरा, पण पुण्यात नव्हे. पुतण्या विल्यमला बरोबर घेऊन तो उत्तरेकडे फिरत होता. चित्रासाठी त्याच्यापुढे होती ती जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची रेखाटनं. गंमत म्हणजे वेल्सनंही हा प्रसंग पाहिला नव्हता. तो मुंबईत उतरला तोच मुळी १७९१ मध्ये. पुढं पुण्यात येऊन त्यानं दरबारातली माणसं समोर बसवून त्यांचे चेहरे उतरवून घेतले, आणि १७९५ मध्ये, मोठं चित्र हातून व्हायच्या आधीच, तो वारला. त्याच्या मुलीशी मॅलेटचं लग्न झालं. हिंदुस्थान सोडून आलेल्या मॅलेटला आपल्या कारकिर्दीतला तो दिवस भिंतीवर हवा होता. सासऱ्याची रेखाटनं होतीच; हात डॅनिएलचा लागला.

म्हणजे एकानं पाहिलं, दुसऱ्यानं टिपलं आणि तिसऱ्यानं रंगवलं. प्रवासातून जन्मलेल्या चित्रांची ही जरा टोकाची कथा झाली, पण त्या चित्रांबद्दलचा आपला एक भाबडा समज ती मोडते. चित्रकार नव्या गावाला जातो, तिथलं काही पाहून भारावतो आणि रंगवतो, असं आपण धरून चालतो. बहुतेकदा तसं होत नाही. गावात तो घाईघाईनं टिपणं घेतो, आणि चित्र होतं ते घरी परतल्यावर, कधी वर्षांनी, निम्मंअधिक विसरून झाल्यावर. शिवाय काही चित्रकारांच्या बाबतीत तेही होत नाही. जग पालथं घालून आले तरी हात जसाच्या तसा राहतो. माझ्या मते खरा प्रश्न इथं आहे: प्रवास कुणाचा हात बदलतो आणि कुणाचा नाही?

आधी हाताबद्दल बोलू, कारण त्याच्यावर पहिला परिणाम सामानाचा होतो. स्टुडिओत मोठा कॅनव्हास, उत्तरेकडचा स्थिर उजेड आणि पाहिजे तेवढा वेळ असतो. बाहेर यातलं काहीच नसतं. तैलरंग सुकायला दिवसचे दिवस लागतात, आणि १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं दाबता येणारी कथलाची ट्यूब काढेपर्यंत तयार तैलरंग जनावराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून न्यावे लागत. पिशवीला भोक पाडून रंग काढायचा आणि ते भोक पुन्हा बुजवायचं. हा संसार पाठीवर टाकून कोण हिंडणार? जलरंगांच्या घट्ट वड्या १७८० च्या सुमारास लंडनच्या रीव्ह्ज बंधूंनी बाजारात आणल्या आणि प्रवासी चित्रकारांची मोठी सोय झाली. पाणी कुठंही मिळतं. डॅनिएल काका-पुतणे हिंदुस्थानभर हिंडले ते पेन्सिल, जलरंग आणि दृश्याची प्रतिमा कागदावर पाडणारं कॅमेरा ऑब्स्क्युरा हे यंत्र घेऊन. त्यांच्या ‘ओरिएंटल सीनरी’तल्या १४४ छापचित्रांमागं या प्रवासातली जमवाजमव आहे.

जलरंग मात्र माणसाला घाई करायला लावतो. वाईच्या किंवा मेणवलीच्या घाटावर, नाशकात गोदाकाठी लॅण्डस्केपला बसलेली कला महाविद्यालयातली पोरं पाहिली की हे कळतं. सकाळी पायऱ्यांवर पडलेली देवळाची सावली दोन तासांत सरकून जाते, तेव्हा सावली आधी पकडायची, बारकावे नंतर. उन्हाळ्यात देशावर वॉश मारतामारताच कडा सुकते. पावसाळ्यात कोकणात तोच वॉश अर्धा तास ओला राहतो आणि शेजारचा रंग त्यात उतरून सगळा चिखल होतो. हवामान असं कागदावर उमटतं. गुरुजी कितीही सांगोत, ‘कमी स्ट्रोकमध्ये काम करा’ हे हाताला पटतं ते स्पॉटवरच.

स्पॉटवरच्या या घाईचं मोठं उदाहरण म्हणजे फ्रेंच चित्रकार युजेन देलाक्रवा. १८३२ च्या जानेवारीत तो मोरोक्कोला पोचला तो काउंट द मॉर्ने या फ्रेंच राजदूताच्या शिष्टमंडळाबरोबर. तोवर पॅरिसमध्ये त्याचं नाव झालं होतं, ‘पूर्वेकडची’ म्हणून चित्रंही त्यानं काढली होती, पण ती ऐकीव माहितीवर आणि उसन्या पोशाखांवर. आता समोर खरं टँजिअर होतं आणि त्याच्याकडे छोट्या वह्या होत्या. त्या वह्यांची पानं मोठी पाहण्यासारखी आहेत. एका कोपऱ्यात दाराची कमान, खाली घोड्यावरचा माणूस, मध्ये घाईनं मारलेला रंगाचा एखादा पट्टा, आणि उरलेल्या जागेत शब्द. भिंत कुठल्या रंगाची, सावली कुठल्या रंगाची, कापड कुठं पांढरं आणि कुठं निळसर, हे सगळं लिहून ठेवलेलं. रंगवायला वेळ नसेल तर रंगाचं नाव लिहायचं. सावली काळी नसते, वस्तूच्या रंगाला छेद देणारा दुसरा रंग तिच्यात असतो, हे त्याला पॅरिसमध्ये ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या उन्हात ते दर भिंतीवर दिसत होतं.

मार्चमध्ये मेकनेस शहरात सुलतान अब्द अर-रहमाननं शिष्टमंडळाला भेट दिली. सुलतान घोड्यावर, डोक्यावर छत्र धरलेलं, मागं तटाची भिंत. या प्रसंगाचं मोठं चित्र देलाक्रवानं पूर्ण केलं १८४५ मध्ये, तेरा वर्षांनी. आधीच्या कच्च्या मांडणीत राजदूत मॉर्ने आहे. अंतिम चित्रात एकही फ्रेंच माणूस नाही. ज्या भेटीसाठी तो गेला ती भेटच चित्रातून गेली आणि उरला सुलतान, त्याचा लवाजमा, भिंत आणि आभाळ. ‘अल्जिअर्सच्या स्त्रिया’ हे त्याचं गाजलेलं चित्र १८३४ चं. पण पंधराएक वर्षांनी त्यानं तोच विषय पुन्हा घेतला तेव्हा बायका लहान झाल्या, मागं सरकल्या, खोली अंधारली. मधल्या काळात तो आफ्रिकेला पुन्हा गेला नव्हता. बदल झाला तो स्मरणात. वीस वर्षांनी आपल्या रोजनिशीत त्यानं हे कबूलही केलं आहे की बारीकसारीक गोष्टी विसरल्यावरच त्या प्रवासातून त्याला जरा बरं काही करता आलं.

इंग्रज चित्रकार टर्नरचं व्हेनिस याच जातीचं. तीन भेटी, सगळे दिवस मिळून महिनाही भरत नाही, आणि चित्रं मात्र पुढं वर्षानुवर्षं निघत राहिली.

देलाक्रवाची दुसरी बाजूही सांगायला हवी. पांढऱ्या कापडात लपेटलेले मोरोक्कन पाहून त्याला प्राचीन रोमन दिसले. टँजिअरच्या रस्त्यावरून साक्षात केटो आणि ब्रूटस चालले आहेत असं त्याला वाटलं. एका जित्या समाजाला त्यानं आपल्या शाळेतल्या पुस्तकात बसवलं. त्याच्यामागून जे युरोपीय चित्रकार उत्तर आफ्रिकेत आणि तुर्कस्तानात गेले त्यांच्या चित्रांत तर हमामखाने आणि बाजारपेठा यांची नुसती खैरात आहे. एडवर्ड सईदनं १९७८ मध्ये पौर्वात्यवादावर पुस्तक लिहिलं तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर ज्याँ-लेऑं जेरोमचा गारुडी आला तो उगीच नव्हे. प्रवासानं डोळे उघडतात असं आपण म्हणतो. कित्येकदा आधीचा चष्माच अधिक घट्ट बसतो.

आणि चष्म्यातून दिसलेलं नेहमी खोटंच असतं असंही नाही. जपानी चित्रकार हिरोशिगेनं १८३३-३४ च्या सुमारास एदो ते क्योतो या तोकाइदो रस्त्यावरच्या त्रेपन्न मुक्कामांची छापचित्रं काढली. सुरुवात आणि शेवट धरून पंचावन्न. त्यातलं सर्वांत लाडकं चित्र कान्बारा गावचं: रात्र, गाव बर्फाखाली, आणि तीन माणसं वाकून वाट काढताहेत. कान्बारा समुद्रकाठी, उबदार भागात आहे. तिथं असा बर्फ पडणं ही नवलाईची गोष्ट. हिरोशिगे त्या रस्त्यानं स्वतः कितपत गेला होता यावरही अभ्यासकांत वाद आहे. लोकांनी मात्र चित्र घरी नेलं. त्याच काळात जपानी छापचित्रांतलं आभाळ आणि समुद्र एकाएकी गडद निळे झाले ते बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी सापडलेल्या प्रशियन निळ्यामुळं. चित्रकार देशाबाहेर पाऊल टाकू शकत नव्हते. रंग बोटीनं आला.

आता पाउल क्ले. कलेच्या इतिहासात प्रवासानं चित्रकार घडवल्याचं हे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण, आणि म्हणूनच जरा निरखून पाहण्यासारखं. १९१४ च्या एप्रिलमध्ये क्ले, आउगुस्ट माके आणि लुई म्वालिए हे तिघे मार्सेलहून बोटीनं ट्युनिसला गेले. म्वालिए आधी जाऊन आलेला, तिथल्या एका स्विस डॉक्टरशी त्याची ओळख. क्लेकडे पैसे नव्हते. बर्नमधल्या एका औषधविक्रेत्यानं चित्रांच्या बदल्यात त्याचा खर्च उचलला. क्ले चौतीस वर्षांचा होता आणि तोवरचं त्याचं बहुतेक काम काळ्या-पांढऱ्यातलं होतं, रेखाटनं आणि अम्लरेखनं. रंगाला तो बिचकत असे. ट्युनिस, समुद्रकाठचं सेंट जर्मेन, हमामेत, कैरुआन असा फेरा झाला. कैरुआनला त्यानं रोजनिशीत लिहिलं की आता रंगानं आपल्याला धरलं आहे, आपण चित्रकार झालो. हे वाक्य इतकं गाजलं की क्ले म्हटलं की ते येतंच.

पण रोजनिशी त्यानं नंतर पुन्हा लिहून काढली, तेव्हा तो साक्षात्कार जितका लख्ख दिसतो तितका त्या दिवशी होता की नाही, कुणास ठाऊक. चित्रं मात्र समोर आहेत. वीतभर कागद. ‘हमामेत आणि तिथली मशीद’ या जलरंगात वर मिनार आणि तटाचे बुरूज ओळखू येतात. खाली बाग आहे म्हणे, पण दिसतात ते गुलाबी, तांबड्या, हिरव्या रंगांचे एकमेकांवर टेकलेले तुकडे. वरचा भाग म्हणजे गाव, खालचा म्हणजे नुसता रंग, आणि दोन्हींमध्ये कुठं रेघ ओढलेली नाही. या सफरीतल्या काही जलरंगांच्या कडेला उभी कोरी पट्टी राहिलेली दिसते: कागद फळीवर रबरी पट्ट्यांनी ताणून धरलेला असे, पट्टीखालचा कागद रंगायचा राहिला. क्लेनं ती कड कापली नाही. उघड्यावर, मांडीवर फळी घेऊन काम केल्याची ती खूण म्हणून मला ते कागद फार आवडतात.

हे सगळं दोनेक आठवड्यांत झालं? नाही. दोन वर्षं आधी, १९१२ मध्ये, क्ले पॅरिसला जाऊन रोबेर देलोनेला भेटला होता. नुसत्या रंगांच्या तुकड्यांतून प्रकाश उभा करायचा देलोनेचा खटाटोप चालला होता. त्याचा प्रकाशावरचा लेख क्लेनं जर्मनमध्ये आणलाही होता. म्हणजे चौकोनांची भाषा तो युरोपातूनच घेऊन निघाला होता. ती बोलून पाहायला त्याला पांढऱ्या घुमटांचं, चौकोनी भिंतींचं गाव मिळालं. तिथं तो फार रेंगाळलाही नाही. डोक्यात इतकं भरलं की आता घरी जाऊन काम केलं पाहिजे म्हणत सोबत्यांच्या आधीच परतला. माकेनं याच दिवसांत मोकळ्या, रसरशीत जलरंगांचा ढीग काढला. तो आधीपासूनच रंगाचा माणूस, त्यामुळं त्याच्या हातात क्रांती वगैरे झाली नाही, तो फक्त बहरला. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं आणि सप्टेंबरच्या अखेरीस शांपान्यच्या आघाडीवर माके मारला गेला. वय सत्तावीस. क्ले १९२८ च्या अखेरीस इजिप्तला गेला तेव्हा पुन्हा असंच झालं: नाईलकाठची पट्ट्यापट्ट्यांची शेतं पाहिली आणि परत आल्यावर आडव्या थरांची ती चित्रं निघाली.

आपल्याकडे हाच प्रश्न अजिंठ्याला विचारता येतो, आणि तिथं उत्तर अधिक स्पष्ट मिळतं, कारण तिथं चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या गेले. रॉबर्ट गिल हा मद्रास लष्करातला अधिकारी १८४४ मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करायच्या कामावर आला. मराठी वाचक त्याला ओळखतो तो ना. धों. महानोरांनी सांगितलेल्या पारोच्या गोष्टीमुळं. त्यानं वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. अंधारी लेणी, वटवाघळं, भिंतीवर धूर आणि जुन्या रोगणाचा थर, आणि त्यातून रेघ शोधायची. काम १८८५ पर्यंत चाललं आणि त्याच वर्षी साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यातलीही बरीच चित्रं जळाली. दैव म्हणतात ते असं.

ग्रिफिथ्सच्या चमूत पेस्तनजी बोमनजी होते. अजिंठ्यातली रेषा त्यांच्याइतकी जवळून पाहिलेली माणसं त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण त्यांची स्वतःची चित्रं पाहा, पोपटाला खाऊ घालणारी ती पारशी बाई घ्या. खिडकीतून येणारा उजेड, साडीची वजनदार घडी, चेहऱ्यावरचा छायाप्रकाश, सगळं पक्कं युरोपीय वास्तववादी. अजिंठ्याचा मागमूस नाही. यात त्यांना कमी लेखायचं कारण नाही. चित्र उत्तमच आहे. पण त्यांना अजिंठ्याला धाडलं होतं ते नक्कल करायला. नक्कल करणाऱ्याच्या हातानं आपलं काही मिसळायचं नसतं, आणि संध्याकाळी फळी बाजूला ठेवली की ती रेषा लेण्यातच राहते. ज्या शिक्षणात पेस्तनजी वाढले त्यात अजिंठा हा जपून ठेवायचा ठेवा होता, चित्रकलेच्या आजच्या अडचणीचं उत्तर नव्हता.

अमृता शेरगिल १९३६ च्या अखेरीस मुंबईत प्रदर्शन करून अजिंठा-वेरूळला गेली तेव्हा तिच्यापुढं नेमकी अडचण होती. बुडापेस्टमध्ये जन्म, आई हंगेरियन, वडील शीख, पॅरिसमध्ये रीतसर शिक्षण. १९३४ च्या अखेरीस भारतात आली आणि इथली माणसं रंगवू लागली, पण पॅरिसचा तैलरंग या उन्हातल्या सावळ्या कातडीवर बसेना. गोगँच्या सपाट, मोठ्या रंगक्षेत्रांत तिला काही सुचत होतं. पण गोगँ पडला ताहितीचा, तोही पाहुणा. अजिंठ्याला तिला दिसलं की माणसांची दाटी आहे, तरी मागं खोल अवकाश नाही. अंगाला गोलाई आहे ती सावलीनं नव्हे तर वळत्या रेषेनं. आणि कातडीचे तपकिरी, तांबूस, काळसर असे कितीतरी रंग शेजारी शेजारी सुखानं नांदताहेत. तिथून ती दक्षिणेत गेली. कोचीनला मट्टनचेरीच्या राजवाड्यातली भित्तिचित्रं पाहिली, कन्याकुमारीपर्यंत पोचली.

आणि मग पुन्हा तीच तऱ्हा. मोठी चित्रं झाली सिमल्यात परतल्यावर, १९३७ मध्ये: ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’, ‘बाजाराला निघालेले दक्षिण भारतीय गावकरी’. ‘ब्रह्मचारी’त पाच जण बसले आहेत. उघडी अंगं, पांढरी धोतरं. धोतराचा पांढरा सगळीकडे सारखा नाही, कुठं पिवळट, कुठं राखाडी; आणि त्या पांढऱ्यामुळंच पाच अंगांचे पाच वेगळे रंग उठून दिसतात. डोळे कुणाचेच आपल्याकडे नीट वळलेले नाहीत. अजिंठ्यातली एकही आकृती तिनं उचललेली नाही. तैलरंगही सोडला नाही. पेस्तनजींनी मोसमांमागून मोसम जिथं काढले तिथं ही बाई अगदी थोडा काळ होती, पण जाताना प्रश्न घेऊन गेली होती. चारच वर्षांनी, १९४१ च्या डिसेंबरात, लाहोरला ती वारली.

याच रांगेत चित्रकार रझांचं नाव हमखास घेतलं जातं: मुंबई, काश्मीर, पॅरिस, मग १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलेला शिकवायला गेले तिथं रॉथ्कोच्या चित्रांशी झालेली भेट, आणि पुढं बिंदू. ते सगळं बरंच लिहून झालं आहे. मला त्याहून जवळचं वाटतं ते प्रभाकर बरवे यांचं बनारस.

रायगडातल्या नागावचे बरवे जे. जे. मधून बाहेर पडल्यावर विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले आणि १९६१ मध्ये त्यांची बदली वाराणसीला झाली. ना शिष्यवृत्ती, ना चित्रसफर. साधी बदली, हातमागासाठी नक्षीकाम करायचं, पगार घ्यायचा. १९६५ पर्यंत ते तिथं राहिले. या काळात तांत्रिक यंत्रांच्या आकृत्या त्यांच्या चित्रांत शिरल्या: त्रिकोण, वर्तुळं, बंद चौकटी. त्या वेळी तांत्रिक चिन्हांची फॅशनही चालू झाली होती आणि पुष्कळांनी त्या चिन्हांवर आयुष्यभराची दुकानदारी केली. बरव्यांनी पुढच्या काळात ती चिन्हं बाजूला ठेवली. मुंबईत परतल्यावरच्या चित्रांत पान, घड्याळ, अंडं, ढग असल्या साध्या वस्तू येऊ लागल्या. सपाट एनॅमल रंगातल्या, मोकळ्या जागेत एकमेकींपासून अंतर राखून ठेवलेल्या. वस्तू रोजच्या, पण त्या तशा ठेवल्या की एखाद्या मांडलेल्या पूजेसारख्या दिसतात. बनारसमधून आकार नाही आले, मांडणी आली, असं मला वाटतं. त्या चार वर्षांत ज्यांनी त्यांना कापडावर बुट्टी किती अंतरानं टाकायची हे शिकवलं ते विणकरही त्यात धरायला हवेत. वस्तू आणि तिच्याभोवतीचा अवकाश यांच्या नात्याबद्दल त्यांनी पुढं ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात सविस्तर लिहिलं आहे. ते पुस्तक १९९० चं, म्हणजे बनारस सोडून पंचवीस वर्षं झाल्यानंतरचं.